दोन विद्यापीठांच्या मधलं घर

आमच्या घरासमोरून जाणारा रस्ता एकीकडे नागपूरला जायचा आणि दुसरीकडे हैदराबादला. आमच्या घरात या दोन्ही दिशा रोज समोरासमोर पाट मांडून जेवायला बसायच्या. बाबा नागपूरच्या विद्यापीठाचे, आई हैदराबादच्या. पांढरकवड्यात त्या काळी पदवी घेतलेली माणसं थोडी, आणि नवरा-बायको दोघंही पदवीधर असं घर तर आमचंच. गावाला त्याचं कौतुक होतं. पण त्या दोन पदव्या शेजारी-शेजारी कधी टांगल्या गेल्या नाहीत. बाबांची चौकट बैठकीत होती आणि आईची स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांच्या वर. "माझी पदवी मला दिसली पाहिजे, पाहुण्यांना नाही," असं आई म्हणायची. बाबांना हा टोमणा दरवेळी लागायचा आणि तरीही ते आपली चौकट दिवाळीला पुसून पुन्हा बैठकीतच लावायचे.

बाबांची केळापूरकडे शेती होती. कापूस, तूर, पुढे सोयाबीन. शेतकरी घरातला पहिला मुलगा नागपूरला शिकायला गेला आणि शिकण्याइतकंच हॉकी खेळून परत आला. आई आदिलाबादची, मराठी घरातली. पण घराबाहेर पडलं की तेलुगू आणि शाळेत उर्दू, अशा तीन भाषा बोलत वाढलेली. तिच्या वडिलांनी तिला हैदराबादला वसतिगृहात ठेवून शिकवलं. आदिलाबाद आणि पांढरकवडा यांच्यामध्ये फक्त पैनगंगा आहे, पण आमच्या स्वयंपाकघरात ती नदी रोज ओलांडावी लागायची. आईच्या हातात चिंच असली की बाबा सावध व्हायचे. वरणात चिंच, वांग्यात चिंच, एकदा तर तिनं कढीतही चिंचेचा कोळ घातला होता. "आता ताकातही हैदराबाद घुसलं का?" बाबांनी विचारलं आणि दोन वाट्या जास्त प्यायले. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा, तो मात्र अस्सल आमच्याकडचा. त्यात आईनं कधी ढवळाढवळ केली नाही. तेवढं नागपूरला सोडलं, असं ती सांगायची.

रेडिओचंही तसंच. आमच्या सेटवर नागपूर आणि हैदराबाद दोन्ही केंद्रं लागायची, पण ढगाळ दिवशी ती एकमेकांत मिसळायची. नागपूरच्या बातम्यांत मधूनच कव्वालीचा ठेका ऐकू यायचा. बाबा बटण एका बाजूला पिळत, आई जाता-जाता दुसऱ्या बाजूला पिळून जाई. मी एकुलती एक. घरातलं माझं काम म्हणजे बहुतेक वेळ त्या दोघांच्या मध्ये बसणं आणि कुणाचीच बाजू न घेणं. आज मागं वळून बघताना वाटतं, ते भांडण नव्हतंच. एकमेकांशी बोलत राहायची ती त्यांची रीत होती. माझ्या काही मैत्रिणींच्या घरी आईवडील आठवडाभरात मिठाइतकंही बोलायचे नाहीत. आमच्याकडे विषय कधी संपला नाही.

विषयाच्या मुळाशी होता दर हिवाळ्यातला हॉकीचा सामना. एक वर्ष नागपूरला, एक वर्ष हैदराबादला. कोणी सुरू केला, कधी केला, हे विचारू नका; बाबांच्या गोष्टीत तो नागपूरवाल्यांनी सुरू केलेला असायचा आणि आईच्या गोष्टीत हैदराबादवाल्यांनी. त्या सामन्यापायी दोन्हीकडच्या पोरांनी काय-काय उद्योग केले त्याला गणती नाही. एकदा नागपूरच्या पोरांनी हैदराबादच्या वसतिगृहातली जेवणाची घंटाच पळवून आणली. पोलिसांत जाण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा घाबरून त्यांनी ती एका मारुतीच्या देवळात टांगली. मग ती तिथून काढायची हिंमत ना यांची झाली ना त्यांची. आई म्हणायची, त्या वर्षी आम्ही थाळी वाजली की जेवायला जायचो. बाबा म्हणायचे, देवाच्या कामी लागली ना, मग?

पण या सगळ्यांवर कडी करणारी एक गोष्ट होती, आणि ती खुद्द आमच्या घरातली. बाबा त्यांच्या शेवटच्या वर्षी नागपूरचे गोलरक्षक होते. सामना हैदराबादला होता. शेवटची काही मिनिटं, दोघांचेही सारखे गोल. हॉकीत गोलापुढे चुन्यानं अर्धगोल आखतात, त्याला डी म्हणतात. डीच्या आतून मारलेलाच गोल धरतात, बाहेरून मारलेला धरत नाहीत. हैदराबादच्या मेहमूद नावाच्या पोरानं पळत येऊन सणसणीत टोला हाणला. बाबांच्या मते तो डीच्या बाहेरून होता. म्हणून त्यांनी चेंडू अडवलाच नाही. उलट पाय बाजूला घेऊन त्याला वाट करून दिली. पंचांनी शिट्टी वाजवली आणि गोल दिला. नागपूर हरलं. त्या वेळी गोलाच्या बरोबर मागं, मुलींच्या घोळक्यात बसून जी टाळ्या वाजवत होती ती माझी आई.

तेव्हा ओळखदेख काही नव्हती. दोन-तीन वर्षांनी बाबा आदिलाबादला मुलगी बघायला गेले. चहा-पोहे झाले, वडीलधारी माणसं बोलत होती. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या, असं कुणीतरी म्हणालं. आईनं मान वर केली आणि विचारलं, "ज्यांनी पाय बाजूला घेतला ते तुम्हीच ना?" बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. घरी येऊन त्यांनी आजोबांना सांगितलं, याच मुलीशी लग्न करीन. हिला पटवून देईपर्यंत मला चैन पडायची नाही.

पटवून देणं जन्मभर चाललं. पाटावर, अंगणात, शेतातून येताना, कधीही.

"मी सांगून राह्यलो ना तुले, बॉल बाहेरून आलता."

"मी गोलाच्या मागंच बसली होती. आतून होता."

"मागून कशी रेघ दिसंल तुले?"

"मंग तुम्हाले समोरून दिसली होती, तं पाय काहून घेतला?"

"बाहेरून आलेला बॉल मी कायले अडवू?"

इथपर्यंत आलं की दोघंही थांबायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

मी बारावीला होते त्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाचे दिवस होते. जिनिंगवर गाड्यांची रांग मैलभर लांबलेली. नंबर लागला की त्या दिवशी कापूस पोचलाच पाहिजे. चुकला तर पुन्हा रांगेच्या शेपटाशी. आमचा नंबर त्या दिवशी होता. अंगणात आमचा जुना ट्रक वरपर्यंत कापूस भरून उभा होता आणि ड्रायव्हर रामधन दोर आवळत होता. रामधन केळापूरजवळच्या बंजारा तांड्यावरचा. ट्रकशी तो गोरबोलीत बोलायचा आणि आमच्याशी वऱ्हाडीत. ट्रकला आमची भाषा समजत नाही, असं त्याचं म्हणणं. कोवळं ऊन पडलं होतं, आई चुलीपुढं होती, आणि तेवढ्यात रस्त्यावरून करकचून आवाज आला. आदिलाबादकडून आलेली एक बस आमच्या फाटकाच्या पुढं तिरपी होऊन थांबली. समोरच्या स्प्रिंगचा पाटा तुटून एक चाक आत गेलं होतं.

बसमधून मुली उतरल्या. मी अशा मुली आधी पाहिल्या नव्हत्या. वयानं माझ्याच एवढ्या, दोन वेण्या घातलेल्या, अंगात निळे स्वेटर आणि खांद्यावर हॉकीच्या काठ्या. कुणी तेलुगूत बोलत होती, कुणी दखनीत, एक चक्क मराठीत ड्रायव्हरला झापत होती. त्यांच्या मागून एक उंच, केस पिकायला लागलेले गृहस्थ उतरले, वाकून चाकाकडं बघितलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

त्यांच्याकडून सगळं कळलं. गेल्या काही वर्षांपासून मुलींचाही सामना सुरू झाला होता. हा हैदराबादचा संघ. आदल्या दिवशी आदिलाबादला मैत्रीचा सामना खेळून मुक्काम केला, पहाटे निघाले. सामना नागपूरला, त्याच दिवशी दुपारी चार वाजता. सकाळची नागपूरची एसटी निघून गेली होती. दुपारची गाडी नागपूरला पोचेपर्यंत सामन्याची वेळ टळली असती. आणि वेळेवर मैदानात उतरलं नाही तर सामना नागपूरला बहाल.

बाबा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष बोलण्याकडं नव्हतं. ते त्या गृहस्थांच्या तोंडाकडं बघत होते. मग आई पदराला हात पुसत बाहेर आली, फाटकाशी थबकली आणि म्हणाली, "अगो बाई. मेहमूदभाई!"

एवढ्या वर्षांनंतर तोच माणूस, हैदराबादच्या मुलींचा प्रशिक्षक होऊन, आमच्या फाटकासमोर उभा होता. आईनं कोणाला काही विचारलं नाही. मुलींना हातपाय धुवायला न्हाणीघर दाखवलं आणि मला तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. त्या मुलीही माझ्याभोवती बसल्या. हिरवे सोले परातीत पडत होते आणि तेवढेच तोंडात जात होते. मोठ्या पातेल्यात सोलेभात शिजला, वरून कढत फोडणी, सोबत कढी. चिंचेचीच. मुली जेवल्या तसं मी त्याआधी मुलींना जेवताना पाहिलं नव्हतं. लाजल्या नाहीत, पुन्हा मागून घेतलं, पातेलं खरवडलं. माझ्या शेजारी बसलेली विजया वरंगळची होती, संघाची गोलरक्षक. तिनं माझ्या कढीची वाटी उचलून विचारलं, "तू नहीं पी रही ना?" आणि उत्तराच्या आधी पिऊन टाकली.

बैठकीत बाबा आणि मेहमूदसर समोरासमोर बसले होते. आई उंबऱ्यात उभी. मला माहीत होतं काय होणार ते. बाबांनी पाणी दिलं, सुपारी दिली, हवापाण्याचं विचारलं, आणि मग त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"मेहमूदसाब, एक बात पूछनी थी. वो बॉल. अंदर से मारा था की बाहर से?"

मेहमूदसर बराच वेळ हसले. मग म्हणाले, "मियां, मैं तो मुंडी नीचे डाल के मारा था. मैं क्या देखता?" आई पुढं झाली. "फिर भी?" ते म्हणाले, "भाभी, लकीर थीच कां? सुबे से उस मैदान पे दो मैचां हो चुके थे. चूना पूरा मिट गया था. अंदर-बाहर किसीको नक्को पूछो."

इतक्या वर्षांच्या भांडणाखालची रेघच त्या माणसानं पुसून टाकली होती. मला वाटलं, आता ही दोघं उद्यापासून काय बोलतील? तेवढ्यात बाबा म्हणाले, "नाही नाही. रेघ होती." आणि त्याच क्षणी उंबऱ्यातून आई म्हणाली, "होती म्हंजे काय, ठसठशीत होती!" दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्या विषयावर माझ्या देखत ती दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आली होती. मेहमूदसर बिचारे आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिले.

एवढ्यात शेजारचे खोडे वकील आले. तेही नागपूरच्याच विद्यापीठाचे, आणि आमच्या बाबांपेक्षा कडवे. रस्त्यावरची बस बघून त्यांना सगळा प्रकार कळला होता. त्यांनी बाबांना अंगणात बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज कोर्टात कमावलेला, तो बाजूला कसला जातो.

"वामनराव, तुम्ही काही करू नका. जेवू घातलं, लय झालं. चार वाजेपावतो नाही पोचल्या तं सामना आपला."

बाबा तिथून निघाले. ट्रकपाशी गेले, कापसावर हात ठेवून उभे राहिले. मी उंबऱ्यातून बघत होते. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर एवढा विचार करावा लागला नसता, पण बाबांना करावा लागला. एका बाजूला कापसाचा नंबर होता, पूर्ण हंगामाची मेहनत. दुसऱ्या बाजूला तोच संघ, ज्यानं त्यांना जन्मभर बोलायला लावलं. आई त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली, पण तिनं तोंड उघडलं नाही. तिनं एक शब्द जरी काढला असता तरी तो हैदराबादच्या बाजूचा झाला असता, आणि तिला ते नको होतं.

बाबा वळले. "वकीलसाहेब, असं जिंकून मी माह्या बायकोले तोंड कसं दाखवू?" आणि रामधनला म्हणाले, "दोर सोड. कापूस उतरव."

रामधन दोर हातात धरून तसाच उभा राहिला. "मालक, उतरवाचा म्हणता? नंबर गेला तं मंग पुढल्या महिन्यातच."

"जाऊ दे. सगळा नको उतरवू. खाली गुडघाभर राहू दे, पोरींले बसाले."

मग जे झालं ते आठवलं की आजही मला हसू येतं. सगळा संघ कापूस उतरवायला लागला. ओसरीवर, बैठकीत, माझ्या खोलीत, जिथं जागा मिळेल तिथं कापूस. मेहमूदसर स्वेटरच्या बाह्या वर करून पाट्या उचलत होते. खोडे वकील थोडा वेळ फाटकाशी उभे राहिले आणि मग चिडून घरी निघून गेले. तो कापूस पुढं महिनाभर आमच्या घरातच होता. बैठकीत पाहुणे आले की ते कापसात बसायचे. मी कापसावर झोपायचे, आणि तशी झोप मला नंतर महागाच्या गादीवरही लागली नाही.

मलाही घेऊन चला, म्हणून मी बाबांच्या मागं लागले. आई म्हणाली, "जाऊ द्या तिले. कोणीतरी घरचं असू द्या तुमच्यावर लक्ष ठेवाले." बाबा आणि मेहमूदसर पुढं रामधनच्या शेजारी, आम्ही सगळ्या मागं कापसात. करंजी गेली, वडकी आली. हवेत गारवा होता, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली पांढरी शेतं. मुली गाणी म्हणत होत्या आणि ट्रक उसळला की कापसातून वर उडून पुन्हा कापसात पडत होत्या. रस्त्यावरच्या नाक्यावर शिपायानं ट्रक थांबवला. "काय माल आहे?" रामधननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हैदराबाद हाय, साहेब." शिपायानं मागं येऊन फळीवरून डोकावलं, तिथली सगळी माणसं मोजल्यासारखी बघितली आणि जा म्हणून हात हलवला.

वडकीच्या पुढं एका चहाच्या टपरीशी थांबलो. विजयानं तिथंच मोकळ्या जागेत दोन दगड ठेवले आणि पायाला पॅड बांधून अंग मोकळं करायला लागली. एक मुलगी टोले मारत होती. बाबा चहाची कपबशी घेऊन बघत होते. दोन-तीन टोले त्यांनी सोसले. मग कपबशी टपरीच्या फळीवर ठेवली आणि सरळ त्या दगडांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. धोतर नव्हतं, पायजमा होता, तो त्यांनी वर खोचला. "ऐसे नहीं, बेटा. घुटना मोड. आगे आ, आगे. जितना आगे आयेगी उतना गोल छोटा होगा." मी जन्मभर बाबांना शेतात वाकताना पाहिलं होतं, पण असं वाकताना कधी नव्हतं. अंग एकदम हलकं, डोळे चेंडूवर. विजया मन लावून ऐकत होती. शेवटी त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली, जरा हळू आवाजात, पण मी जवळ होते. "बॉल कहीं से भी आने दे. अंदर से, बाहर से, तू मत सोच. सीटी बजे तक पैर मत हटाना." मेहमूदसर टपरीच्या बाकावर बसून ऐकत होते.

मग विजयानं मला हाक मारली. "तू आ ना." तिनं पॅड माझ्या पायाला बांधले. ते मांड्यांपर्यंत आले. पहिला चेंडू माझ्या नडगीवर बसला, दुसरा हातावर, तिसरा मी अडवला. काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. चेंडू यायचा असतो, आणि तुम्ही तिथं असता, आणि तो जात नाही. एवढंच. पण मला ते फार आवडलं.

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा नागपूरच्या मुली खेळायला उभ्या होत्या आणि पंच घड्याळाकडं बघत होते. हैदराबादचा संघ ट्रकच्या फळीवरून उड्या मारत उतरला तेव्हा केसांत, स्वेटरवर, वेण्यांत सगळा कापूस. प्रेक्षकांत एकच हशा उठला. "आल्या, कापूसवाल्या आल्या!" बाबा नागपूरच्या बाजूला जाऊन बसले. मला विचारलं, कुठं बसतेस? मी त्यांच्याच शेजारी बसले, पण बघत मी विजयाकडं होते.

सामना चुरशीचा झाला. दुसऱ्या अर्ध्यात हैदराबादनं एक गोल केला. नागपूरच्या पोरी त्यानंतर पिसाटासारख्या तुटून पडल्या आणि अगदी शेवटी त्यांच्या कप्तानानं लांबून जबर टोला मारला. डीच्या बाहेरून की आतून, मी काही शपथेवर सांगणार नाही. बाबा ताडकन उभे राहिले. मी विजयाचा पाय बघत होते. तो पाय जागचा हलला नाही. चेंडू पॅडवर आदळून बाहेर गेला, आणि शिट्टी झाली. नागपूर हरलं होतं, आणि हरवलं होतं माझ्या बाबांनी. पांढरकवड्याला हे कळल्यावर खोडे वकील कितीतरी दिवस आमच्या घरी आले नाहीत.

विजया धावत येऊन बाबांच्या पाया पडली. मेहमूदसर म्हणाले, "वामनराव, आज तो आपने हमको जिता दिया." बाबा म्हणाले, "हो ना बाप्पा," आणि हसले.

रात्री नागपूरला आत्याकडं राहून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतलो. बाबा वाटभर खिडकीबाहेर बघत होते. रागावले होते असं नाही. मनात काहीतरी जुळवत होते. वर्धा नदीच्या पुलावर रामधननं ट्रक हळू केला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पुढल्या वर्षी तुले कुठं शिकाचं हाय?" माझं नागपूरला जाणं घरात ठरल्यासारखंच होतं. आत्या तिथं होती, बाबांची ओळखीची माणसं होती. आईनं कधी हैदराबादचं नाव काढलं नव्हतं. तिला हवं होतं की नाही तेही मला माहीत नव्हतं.

"हैदराबादले," मी म्हणाले. "विजया म्हणते, तिचं शेवटचं वर्ष हाय. त्यांना गोलरक्षक पायजे."

बाबांनी पूल संपू दिला. मग म्हणाले, "मंग हिवाळ्यात मी कोणाकडून बसू?"

"नागपूरकडून बसा ना."

"बसीनच," बाबा म्हणाले. रामधन पुढं बघत होता, पण त्याच्या मिशा हलल्या.

आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. फक्त पुढच्या दोन पोळ्या फार पातळ झाल्या. मग ती मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली. त्या दिवशी बसल्या-बसल्या तिनं मला तिच्या वसतिगृहाचं एवढं सांगितलं जेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत सांगितलं नव्हतं. कोणत्या खोलीतून चारमिनारकडचा उजेड दिसतो, कुठला आचारी रागावतो, पावसात कुठली पायरी निसरडी होते. मी गेले तेव्हा ती पायरी खरोखरच निसरडी होती. पहिल्या आठवड्यात मी तिच्यावरून पडले.

आता हा रस्ता चौपदरी झालाय आणि गावाच्या बाहेरून जातो. गाड्या थांबत नाहीत. माझी नात पुण्याला शिकते आणि तिला दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाशी वैर नाही. तिला आमच्या गोष्टी सांगितल्या की ती विचारते, "आजी, पण मग नेमकं भांडण कशाबद्दल होतं?" मग मी तिला माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सामन्याचं सांगते.

तो सामना नागपूरला होता आणि मी हैदराबादची गोलरक्षक होते. आई-बाबा दोघं आले होते. आई आमच्या बाजूला, बाबा नागपूरच्या. मधलं मैदान पार करूनही बाबांचा आवाज मला ऐकू येत होता. शेतात माणसांना हाका मारून कमावलेला तो आवाज. पहिल्या अर्ध्यात नागपूरची मुलगी चेंडू घेऊन माझ्यावर चालून आली की ते गरजायचे, "मार! मार!" आमच्या संघातली एक मुलगी मला म्हणाली, "वो कौन चिल्ला रहे?" मी सांगितलं, माझे वडील. तिला ते पटेना. दुसऱ्या अर्ध्यात मी दोन चेंडू अडवले, तिसरा माझ्या अंगठ्यावर बसून गोलात गेला. बोट सुजलं, डोळ्यांत पाणी आलं, पण मी उभी राहिले. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर सगळे झाडाखाली बसलो. बाबा आले, माझं बोट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, आणि माझ्या मैत्रिणींना संत्री सोलून देत बसले. त्यांना बोलायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा बाहेर येत होती. आवाज पार बसला होता. आईनं थर्मासमधला गरम चहा त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाली, "एवढं कोणासाठी ओरडले बाप्पा तुम्ही?"

बाबांनी दोन घोट घेतले, घसा खाकरला आणि खरखरत म्हणाले, "पहिल्या अर्ध्यात नागपूरसाठी. दुसऱ्या अर्ध्यात ध्यानातच नाही राह्यलं."